नाताळची भेट मुलांना काय द्यावी? आपल्या विश्वासाशी जुळणारी भेट तुम्ही कशी निवडता?

अंजिरी | २८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

सर्वांना सलाम.

डिसेंबर तोंडावर आला की आमच्या घरी एकच विषय निघतो, म्हणून यंदा आधीच इथे धागा काढते आहे. मी मूळची श्रीरामपूरकडची, लग्नानंतर पुण्यात. मुलगा साडेदहा वर्षांचा, मुलगी सहाची. दोघंही शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गात) जातात.

माझ्या लहानपणी नाताळची भेट म्हणजे नवं कापड. आई एकाच ताग्यातून आम्हा तिघी बहिणींचे झगे शिवायला टाकायची. २५ तारखेच्या उपासनेआधी ते अंगाला लावायचे नाहीत हा नियम. आदल्या रात्री घडी करून उशाशी ठेवायचो. दुसरं काही मिळायचं नाही आणि मागायचंही सुचत नसे.

आता मुलाला एक गेम हवा आहे. त्यात मेलेली माणसं थडग्यातून उठून येतात आणि आपण त्यांना गोळ्या घालायच्या. वर्गातल्या तिघांकडे आहे म्हणे. मुलीला बाहुली हवी आहे आणि ती सांता आणून देणार असं तिला शाळेत सांगितलंय. माझे दीर दुबईला असतात, ते हौसेने मोठं खोकं पाठवतात, पण आत काय असावं हे आम्हाला विचारत नाहीत. आमच्या ह्यांचं म्हणणं, मुलांना चारचौघांत वेगळं पाडू नकोस. तसं मलाही करायचं नाही. पण गेल्या नाताळात पाळकसाहेबांचा संदेश चालू असताना मुलगा माझ्या कानाशी तीनदा म्हणाला, "घरी कधी जायचं? खोकं उघडायचंय." ते मला फार लागलं. महिनाभर घरात खोक्याचं बोलणं आणि ज्याचा जन्म आपण साजरा करतो त्याला सकाळचे दोन तास, तेही घड्याळाकडे बघत.

दोघांसाठी मिळून ३,००० रुपये बाजूला ठेवलेत. तुम्ही काय देता, काय देत नाही? आणि नाही म्हणायची वेळ आली की मुलांना काय सांगता?

वसईची वाट | २९ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

अंजिरीताई, आम्ही कॅथलिक, वसईतल्या एका गावातले. आमच्याकडे सगळा नाताळ गोठ्याभोवती, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याभोवती फिरतो, त्यामुळे भेटही तिथूनच सुरू होते.

मुलं झाल्यापासून आम्ही दर नाताळला प्रत्येकाला गोठ्यातली एक मूर्ती देतो. पहिल्या वर्षी मोठ्याला मेंढपाळ, मग धाकटीला मेंढरू, मग गाय, मग देवदूत. मातीची किंवा प्लास्टरची, शंभर-दोनशे रुपयांत मिळते. ती मूर्ती त्या मुलाची. गोठा मांडताना आपली मूर्ती आपण ठेवायची, सण संपल्यावर आपण पुसून कागदात गुंडाळायची. माझ्या मोठ्याचा मेंढपाळ दोनदा मोडला, त्याने स्वतः चिकटवला. आता तो चौदाचा आहे, बाकी खेळणी कधीच वाटून टाकली, मेंढपाळ कोणाला देत नाही.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी रिकामी गव्हाणी मांडतो आणि शेजारी टोपलीत भाताचा पेंढा ठेवतो. दिवसभरात कोणासाठी काही चांगलं केलं की मुलाने पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची. काय केलं ते कोणाला सांगायचं नाही. चोवीसच्या रात्री चर्चमधल्या मिस्साहून (उपासनेहून) आलो की बाळ येशूला त्या पेंढ्यावर निजवायचं. बिछाना मऊ होईल तो मुलांच्या काड्यांनी. धाकटी एकदा रडली होती, काड्या कमी झाल्या म्हणून. मग मध्यरात्री उठून आजीच्या पायाला तेल लावून आली आणि एक टाकली.

गोठा मांडण्याची पद्धत असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो या इटलीतल्या खेड्यात सुरू केली. त्याने तिथे खरी गव्हाणी, खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणले होते, लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. मुलांना ही गोष्ट सांगा, त्यांना आवडते.

दोन लेकरांचा बाप | २९ नोव्हेंबर, दुपारी १.०५

मी गेमबद्दलच लिहितो, कारण त्यात मी पोळलोय.

तीन वर्षांपूर्वी मुलाने असाच गेम मागितला. मी वचनं दाखवली, सैतानाचं काम आहे म्हणालो आणि विषय बंद केला. मुलगा मित्राच्या घरी जाऊन खेळू लागला आणि क्लासला जातो असं सांगू लागला. म्हणजे एका गेमपायी माझ्या घरात खोटं बोलणं सुरू झालं, आणि त्याला दार मीच उघडून दिलं होतं. पुढे एक दिवस त्याच्या शेजारी बसून पाऊण तास तो गेम पाहिला. मग बोललो. भुतांचं मला एवढं वाटलं नाही, ती गंमत आहे हे त्यालाही कळतं. पण माणसासारखा दिसणारा देह फुटतो आणि त्यावर गुण मिळतात, हे हाताला रोज तास-तासभर का शिकवायचं, एवढंच विचारलं. त्याने लगेच ऐकलं असं नाही. पण घरात खोटं बोलणं थांबलं.

आता आमचा नियम सोपा आहे. खोक्यावर वयाचा आकडा छापलेला असतो, तो बघायचा. युरोपातल्या पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे असतात. तुम्ही सांगताय त्या जातीच्या गेमवर बहुधा १८ असेल, म्हणजे साडेदहाच्या मुलाला नाही म्हणायला बायबल उघडावंही लागणार नाही. आणि दुसरा नियम, जो गेम मी शेजारी बसून त्याच्याबरोबर खेळू शकत नाही तो घरात आणायचा नाही. फुटबॉलचा, गाड्यांचा, कोडी सोडवायचा, सगळे चालतात.

त्या वर्षी मी त्याला मोठा कॅरम बोर्ड दिला. आमच्या पलीकडच्या वाड्यातली पोरं अजून रविवारी उपासनेनंतर आमच्या ओट्यावर असतात.

बेथानी | २९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

सर्वांना जय ख्रिस्त. माझं मत वेगळं आहे, रागावू नका.

आम्ही नाताळला भेटी देतच नाही. २५ डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात कुठेच नाही. मागी लोकांनी (पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी) भेटी आणल्या त्या बाळाला, एकमेकांना नव्हे. आमच्या घरी मुलांना भेट वाढदिवसाला आणि शाळेचा निकाल लागल्यावर मिळते. नाताळच्या दिवशी उपासना, घरी एकत्र जेवण, आणि संध्याकाळी इस्पितळात रुग्णांना भेटायला जातो. मुलं लहान होती तेव्हा कुरकुर व्हायची, आता होत नाही. अंजिरीताई, तुम्हाला जे लागलं ते बरोबर लागलं. खोकं असलं की मन खोक्याकडेच जाणार. मोठी माणसंही वेगळी नाहीत.

जुनी शिक्षिका | ३० नोव्हेंबर, सकाळी १०.२०

बेथानी, तुमचं म्हणणं नवं नाही आणि हलकंही नाही. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन (कडक प्रॉटेस्टंट) लोकांनी १६५९ मध्ये नाताळ पाळण्यावर बंदीच घातली होती, पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. ती १६८१ मध्ये उठली, तरी न्यू इंग्लंडमध्ये पुढे दीडशे वर्षं नाताळ हा बहुतेकांच्या कामाचाच दिवस राहिला. आपल्याकडे १८१३ मध्ये मुंबईत आणि पुढे नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतलं. करंज्या, लाडू, चकल्या, नवे कपडे, दारावर चांदणी, हा थाट आपल्या आज्यांनी इथल्या सणांच्या मांडवात बसून घातला. मला त्यात खोट वाटत नाही. ज्या घरात दिवाळीला मुलांच्या हातावर काही ठेवलं जाई, त्या घरातली लेक ख्रिस्ती झाल्यावर ख्रिस्तजयंतीला मुलाच्या हातावर काहीच ठेवणार नाही, असं कसं होईल?

आता सांताबद्दल. मुलीला "सांता नाही" असं सांगून तिचा आनंद काढून घेऊ नका, त्याच्या मागचा खरा माणूस तिला द्या. निकोलस हा आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप, चौथ्या शतकातला. त्याचा सण ६ डिसेंबरला येतो. त्याची जी कथा सांगतात ती आपल्या मुलींना फार लवकर कळते. एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, म्हणून लग्नं होत नाहीत आणि बाप त्यांना वाईट मार्गाला लावायच्या बेतात. निकोलस रात्री गुपचूप त्यांच्या खिडकीतून सोन्याची पुरचुंडी टाकतो. एकीच्या लग्नाला एक, असं तीनदा. तिसऱ्या वेळी बाप त्याला पकडतो, तर हा म्हणतो, मी जिवंत आहे तोवर कोणाला सांगू नकोस. आख्यायिकाच आहे, पण बघा, यात मुलगा चांगला का वाईट याची यादी कोणी तपासत नाही. नात सहाची असताना मी तिला हीच गोष्ट सांगितली आणि म्हणाले, आता आपण दोघी निकोलस होऊ. ६ तारखेला पहाटे आम्ही वाड्यातल्या कामवाल्या मावशींच्या दारात एक पिशवी ठेवून पळत घरी आलो. तिला धाप लागली होती आणि हसू आवरत नव्हतं. त्यानंतर तिने सांता खरा की खोटा हे कधी विचारलं नाही.

अंजिरी | ३० नोव्हेंबर, रात्री ११.००

जुन्या बाई, हे मी यंदा करणार. ६ डिसेंबरला अजून आठवडा आहे.

बेथानी, राग नाही. तुमच्या शेवटच्या वाक्यावर बराच वेळ थांबले. पण पूर्ण बंद करणं आमच्याच्याने होणार नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला हवंही नाही. माझ्या आईने शिवलेला झगा मला देवाच्या घरापासून लांब नेत नव्हता. तो घालायचा म्हणून मी पहाटे उठून बसायचे आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर जायचे. भेट उपासनेच्या वाटेवर असेल तर मला चालेल.

बायबल भेट द्यावं का? मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, मराठी पवित्र शास्त्र वाचताना अडखळतात.

पेटीवाला | १ डिसेंबर, सकाळी ८.४५

द्या, पण ज्याचं वय झालंय त्याला, आणि तुम्ही रोज त्याच्याबरोबर वाचणार असाल तरच. सहा वर्षांच्या मुलीला चित्रांचं बायबल, आईच्या मांडीवर बसून. मुलासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल बघा, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळालेला आहे. भाषा आजची आहे, अडखळणं निम्मं होईल. प्रॉटेस्टंट घरात ते कसं चालेल असं मला एकाने विचारलं होतं. आमच्या घरी दोन्ही आहेत, मुलं दोन्ही वाचतात.

पण माझी खरी सूचना वेगळी आहे. मुलाला ढोलकी किंवा पेटी द्या.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांकडे जे धन आहे ते इतरांकडे क्वचितच असेल. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी प्रभूला अभंगात, ओवीत, भजनात बोलावलं. उपासना संगीताचं पुस्तक उघडा, त्यांची पदं पानोपानी आहेत. ती पदं तबला-पेटीवर बसतात, कीबोर्डच्या ठेक्यावर त्यांचा जीव घुसमटतो. आमच्या मंडळीत आता पेटी वाजवणारा मी एकटा उरलोय, वय त्रेसष्ट. गेल्या नाताळात एका मुलाला त्याच्या वडिलांनी सातशे रुपयांची जुनी ढोलकी दिली. तो दर शनिवारी माझ्याकडे येतो. यंदा चोवीसच्या रात्री भजन फेरीला ढोलकी तोच वाजवणार. त्याला उपासनेत घड्याळ बघायला वेळ नसतो, ठेका चुकेल ना.

नाशिकची सून | १ डिसेंबर, दुपारी ४.१०

आमच्याकडे अजून एक पेच आहे, कोणाच्या घरी असेल तर सांगा. मी ख्रिस्ती, नवरा हिंदू. मुलांचा बाप्तिस्मा झालाय, नवऱ्याच्याच संमतीने. सासूबाई दिवाळीला नातवंडांना भरभरून देतात आणि नाताळलाही मागे राहत नाहीत. मागच्या वर्षी त्यांनी मुलीला स्वतः विणलेला स्वेटर आणि एक पुराणकथांचं पुस्तक दिलं. माझ्या माहेरून फोन आला, पुस्तक परत कर. मी नाही केलं. सासूबाई त्या दिवशी आमच्यासोबत चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दीड तास बसल्या होत्या. त्यांच्या हातचं मी परत करू? मुलीला सांगितलं, ही आजीच्या श्रद्धेतली गोष्ट आहे, आपण प्रार्थना येशूकडे करतो, आणि आजीचा मान ठेवतो. तिला कळलं. मोठ्यांना कळायला वेळ लागला.

जुनी शिक्षिका | १ डिसेंबर, सायंकाळी ६.३०

योग्य केलंत. उलट बाजूही सांगते, शेजारच्या मुलांना आपण काय देतो त्याची. दिवाळीचं ताट त्यांच्याकडून येतं, नाताळचं आपल्याकडून जातं. त्या ताटात करंजी-लाडू जावेत, मुलांसाठी रंगाची पेटी जावी. पण आई-वडिलांना न विचारता दुसऱ्याच्या लेकराच्या हातात धर्माचं पुस्तक देऊ नये. आपल्या मुलांच्या बाबतीत जे आपल्याला आवडणार नाही ते आपण करू नये. कोणी विचारलं, नाताळ म्हणजे काय, तर गोठ्यापाशी बसवून मनापासून सांगावं.

हडसनकाठी | २ डिसेंबर, पहाटे ५.५०

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे भेटींचा महापूर असतो, झाडाखाली वीस-वीस खोकी. इथल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत चार भेटींचा नियम असतो तो आम्ही उचलला. एक हवीशी, एक गरजेची, एक अंगावर घालायची, एक वाचायची. पाचवी नाही. नातेवाइकांनाही तेच कळवतो. अंजिरीताई, दिरांना आत्ताच फोन करून सांगा, "भाऊजी, यंदा मुलाला सायकल घ्यायची आहे, तुम्ही निम्मे घाला." हौस त्यांचीही पुरी होते. आम्ही माझ्या नणंदेला असंच सांगितलं, तिला उलट बरं वाटलं, काय घ्यावं हा तिचा प्रश्न सुटला.

नोव्हेंबरात इथली चर्चेस बुटांच्या खोक्यात खेळणी, वह्या, साबण भरून परदेशी मुलांसाठी पाठवतात, १९९३ पासून चालू आहे. माझी मुलं भरतात. पण खोकं ज्याला मिळतं तो त्यांना कधी दिसत नाही, आणि हे मला खटकत राहतं.

पाचटवाट | २ डिसेंबर, रात्री १०.१५

हे वाचून मला लिहावंसं वाटलं. मी राहुरी तालुक्यात शिक्षक आहे, आमच्या मंडळीची शब्बाथ शाळाही घेतो.

नाताळ येतो तेव्हा आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. बीडकडची कुटुंबं कारखान्याच्या पट्ट्यात कोप्या (झोपड्या) टाकून राहतात, लेकरं बरोबर असतात. थंडी मरणाची. दर नाताळला आम्ही शब्बाथ शाळेची मुलं घेऊन जायचो, केक आणि जुने कपडे वाटायचो, एक गाणं म्हणायचो, फोटो काढून परत. चार वर्षांपूर्वी एका बाईने मला बाजूला बोलावलं आणि म्हणाली, "गुरुजी, गोड तुम्ही आणता ते पोरं खात्यात. पन पायाला काय तरी बघा." मी खाली बघितलं. ऊस तुटल्यावर फडात पाचट उरतं, त्याची पात सुरीसारखी असते. लहान लेकरं त्यात अनवाणी फिरत होती, घोट्यापर्यंत चिरा पडलेल्या. तीन वर्षं मी तिथे जात होतो आणि मला ते पाय दिसले नव्हते.

तेव्हापासून आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जातो, काही न घेता. आमची मुलं जुना पेपर आणि पेन्सिल नेतात. कोपीतल्या लेकराचा पाय पेपरवर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, त्यावर नाव लिहायचं. माप घेताना दोघं बोलतात, नाव विचारतात, गाव विचारतात. ते पेपर घेऊन आम्ही बाजारात जातो आणि मापाच्या पट्ट्याच्या चपला आणि जाड मोजे आणतो. जोड दोनशे-अडीचशे रुपयांत बसतो. नाताळच्या आदल्या दिवशी नेऊन देतो. ज्याने माप घेतलं त्यानेच चप्पल घालून बघायची, बसते का.

बेथानी | ३ डिसेंबर, सकाळी ७.००

हे वाचून डोळे भरले. एकच विनंती, फोटो आता काढत नसाल अशी आशा आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलंय.

पाचटवाट | ३ डिसेंबर, सकाळी ८.२०

नाही काढत. त्या वर्षीपासून बंद. पहिल्या वर्षी मंडळीतल्या काहींना रुचलं नाही, अहवालात काय लावायचं म्हणाले. पेपरवरचे पाय लावा म्हणालो. तेही लावले नाहीत शेवटी, ते त्या लेकरांचे पाय आहेत.

दोन लेकरांचा बाप | ३ डिसेंबर, दुपारी १२.४०

पाचटवाट गुरुजी, आमच्या गावाबाहेरही कोप्या पडल्यात. या रविवारी पेपर घेऊन जातो.

एक मुद्दा राहिला होता. दुकानात हल्ली वचन छापलेले मग, वचन छापलेल्या बाटल्या, क्रूस लावलेले कंपास मिळतात. मी ते विकत घेऊन वर्षानुवर्षं समाधान मानलं. वचन छापलं म्हणजे भेट ख्रिस्ती झाली असं मला आता वाटत नाही. साधी बॅट सुद्धा चालेल, तिने मुलगा भावाला पहिली खेळी देणार असेल तर.

वसईची वाट | ४ डिसेंबर, सकाळी ६.५०

मोठ्या मुलांसाठी अजून एक. मागच्या वर्षी मोठ्याचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) होतं, त्याला आम्ही वस्तू दिलीच नाही. बाप-लेक दोघं दिवसभर वसईच्या किल्ल्यात गेले, संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगत. हा आपल्या वसईत जन्मलेला मुलगा, फिलिपिन्समधल्या मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला, मग जपानला गेला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत घोषित झाला. किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या चर्चची पडकी वास्तू आहे, तिथे बसून दोघांनी डबा खाल्ला. बापाचा अख्खा दिवस फक्त त्याचा, फोन घरी ठेवून. मुलगा अजून ती भेट सांगतो.

अंजिरी | २७ डिसेंबर, रात्री ९.१५

उशीर झाला, माहेरी गेलो होतो. काय झालं ते लिहिते, सगळं जमलं असं नाही.

६ तारखेला मुलीने आणि मी दूधवाल्या दादांच्या सायकलला कानटोपीची पिशवी अडकवली. ती आता सांताला "निकोलसकाका" म्हणते. शाळेत बाईंना हुंड्याची गोष्ट सांगून आली, बाईंचा मला फोन आला, चांगलं बोलल्या.

भाऊजींना फोन केला. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, "वहिनी, मला आधी का नाही सांगितलंत, मी दर वर्षी दुकानात तासभर उभा राहतो." सायकलला निम्मे त्यांनी दिले.

गेमला नाही म्हटलं. खोक्यावरचा १८ चा आकडा त्याला दाखवला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी यांनी त्याच्याबरोबर बसून गाड्यांचा गेम खेळला, तेव्हा निवळला. पूर्ण निवळलाय असं म्हणवत नाही, मित्रांकडे जातो तेव्हा मला धाकधूक असते.

श्रीरामपूरला माझ्या भावाच्या शेताजवळ कोप्या आहेत. आम्ही १४ तारखेच्या रविवारी पुण्याहून मुद्दाम गेलो, पेपर घेऊन. मुलगा सुरुवातीला लांब उभा होता. मग त्याच्याएवढ्याच एका मुलाचं माप घेतलं. तो मुलगा फडात वाढे (उसाचे शेंडे) गोळा करतो, शाळा हंगामापुरती सुटलेली. दोघं क्रिकेटवर बोलत बसले. चपला-मोज्यांच्या जोडांत माझे ३,००० रुपये जवळजवळ तिथेच गेले. मुलीला भातुकली आणली, सावंतवाडीची लाकडी, आईने पैसे दिले. २४ ला चपला द्यायला गेलो तर त्या मुलाचा जोड अर्धा बोट लहान निघाला. माझ्या लेकाने रेघ आतून मारली होती. तो इतका कासावीस झाला की मामाच्या मोटारसायकलवर बसून बाजारात गेला आणि दुकान बंद व्हायच्या आत बदलून आणला. रात्री भजन फेरीला आम्ही त्यामुळे उशिरा पोचलो.

सकाळच्या उपासनेत त्याने वेळ विचारली नाही. झोप आली होती हेही कारण असेल.

पाचटवाट | २८ डिसेंबर, सकाळी ७.३०

रेघ मारताना पेन्सिल उभी धरायची ताई, तिरपी धरली की आत जाते. आमचेही पहिल्या वर्षी चार जोड असेच चुकले.

पेटीवाला | २८ डिसेंबर, सकाळी ९.१०

ढोलकीचं पुढच्या वर्षी बघा. मी वाट बघतो.

वसईची वाट | २ जानेवारी, सायंकाळी ७.४०

अजून सण संपलेला नाही हं. ६ जानेवारीला तीन राजांचा सण. आमच्याकडे राजांच्या मूर्ती नाताळात गोठ्यात नसतात, घराच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत असतात. मुलं रोज थोड्या पुढे सरकवतात, सहाला गव्हाणीपाशी पोचतात.

अंजिरी | ६ जानेवारी, रात्री १०.०५

वसईच्या ताई, आम्ही हा सण पाळत नाही, पण तुमचं वाचून मुलीने मागी लोकांच्या भेटी बघायच्याच म्हणून हट्ट धरला. सोनं माझ्या कानात आहे. ऊद आणि गंधरस कुठून आणायचा? ऊद किराणा दुकानात मिळाला. गंधरसासाठी मी काष्ठौषधीच्या दुकानात विचारलं. दुकानदार आजोबा म्हणाले, "म्हणजे हिराबोळ. घरात बाळंतीण आहे का?"

मला माहीतच नव्हतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने हिराबोळाच्या गोळ्या दिल्या होत्या, तोच हा. आजवर संदेशांत ऐकलं होतं की गंधरस प्रभूच्या मरणाची खूण, कारण त्याला मानणारा निकदेम त्याला पुरताना गंधरस घेऊन आला. मुलगा दुकानातच विचारू लागला, मग ते मरीयेसाठी होतं का? मी म्हटलं, ठाऊक नाही, पाळकसाहेबांना विचारू.

दहा रुपयांचा खडा आणलाय. रात्री चौघांनी वास घेतला. चवीला इतका कडू असतो हे मात्र विसरले होते.

नाशिकची सून | ६ जानेवारी, रात्री १०.३०

सासूबाईंना आत्ता विचारलं. त्या म्हणतात हिराबोळ त्यांच्या डब्यात आहे, उद्या मुलीला दाखवतील. खडा कोरड्या डबीत ठेवा, दमट जागी चिकट होतो.